मामा, मंग काय झाला?

पुस्तक बाबूनं निवडलं, मी नाही. त्याच्या तपासणीसाठी आम्ही नागपूरला गेलो होतो. रिपोर्ट दुपारी तीननंतर मिळणार होते आणि दवाखान्याच्या बाकावर बसून तो कंटाळला होता, म्हणून त्याला घेऊन सीताबर्डीला आलो. फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडली होती. स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे, इंजिनिअरिंगची पुस्तकं, आणि त्यांच्याखाली दबलेलं एक इंग्रजी पुस्तक. कोपरा फाटलेल्या मुखपृष्ठावर यान होतं. बाबू तेव्हा अकरा वर्षांचा. त्यानं ते दोन्ही हातांनी ओढून काढलं, मागून-पुढून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "हे घेऊन टाका. तुमी वाचजा न मले सांगजा."

चाळीस रुपये पडले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे भाच्यानं सांगितलेलं टाळायची सोय नसते.

बाबूला सिकलसेल आहे. लाल कार्डाचा तो, म्हणजे रुग्ण. त्याची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, आणि भाऊजी दोघंही पिवळ्या कार्डाचे, म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला कधी काही झालं नाही, पण आईबाप दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता अशा लेकराची असते. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं दुखतात. थंडीनं दुखतात, तापानं दुखतात, पाणी कमी प्यालं तरी दुखतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हे दुखणं नवीन नाही. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावातही तो एकटा नाही. भाऊजी बांधकामावर बाहेरगावी असतात, म्हणून बहीण आणि बाबू आमच्याकडेच राहतात.

माझं इंग्रजी बी.ए.पुरतं. गावात माझं सेवा केंद्र आहे. दिवसभर सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, आधारची कामं चालतात. पुस्तक हातात धरून इंग्रजी वाचायची सवय सुटून बारा वर्षं झाली होती. पहिल्या दोन पानांना तीन दिवस लागले, बाजूला मोबाईलमध्ये शब्दकोश उघडा ठेवून. तिसऱ्या पानापासून मात्र मी सुटलो.

सतरा वर्षांचा एक मुलगा सैनिकी अकादमीच्या शारीरिक चाचणीला उभा आहे. नाव माइल्स वोरकोसिगन. तो जन्मण्याआधी, आईच्या पोटात असतानाच, त्याच्या घरावर विषारी वायूचा हल्ला झाला होता. आई वाचली, पण विषावरचा जो उतारा तिला दिला, त्यानं बाळाच्या हाडांची वाढ मारली. त्यामुळे माइल्स बुटका राहिला. मोठा झाला तरी पावणेपाच फूट. पाठ वाकलेली, हाडं काचेसारखी. लेखी परीक्षा त्याच्या हातची. धावण्याच्या अडथळ्यांत मात्र घाईनं, रागाच्या भरात, तो भिंतीवरून उडी मारतो आणि दोन्ही पाय मोडून घेतो. लहानपणापासून मनात धरलेली एकच गोष्ट पहिल्याच प्रकरणात संपते. त्याच रात्री त्याचा आजोबा जातो.

मी पुस्तक मिटलं. शेजारच्या खाटेवर बाबू गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता. हे त्याला सांगायचं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग डिसेंबरातल्या एका रात्री त्याचं दुखणं उठलं. गरम पाण्याची पिशवी, गोळी, पायांवर रग, सगळं झालं. पाणी प्यायला तो तयार नव्हता, आणि पाणी तर त्याचं निम्मं औषध. मी म्हटलं, एक गिलास संपव, यानवाल्या पुस्तकाची गोष्ट सांगतो.

त्यानं गिलास संपवला. मी भिंतीपर्यंत आलो, पाय मोडेपर्यंत आलो आणि थांबलो. तो रडेल, गप्प होईल, कूस बदलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पाय मोडले. मंग घरी बसला का?"

"नाही."

"मंग काय झाला?"

दुसरा गिलास.

त्या हिवाळ्यात हाच आमचा नेम होऊन बसला. एक गिलास पाणी, एक तुकडा गोष्ट. दुखणं नसलेल्या रात्रीही.

हे पुस्तक एका लांब मालिकेतलं, आणि ती मालिका लिहिली आहे लुइस मॅकमास्टर बुजोल्ड या अमेरिकन लेखिकेनं. ओहायो राज्यातल्या मॅरियन नावाच्या लहान शहरात, दोन लहान मुलं सांभाळत तिनं सुरुवातीची पुस्तकं लिहिली, आणि पहिल्या तिन्ही कादंबऱ्या १९८६ या एकाच वर्षी छापून आल्या. बाबूनं उचललेलं 'द वॉरियर्स अप्रेंटिस' त्यातलंच एक. पुढं डझनावर कादंबऱ्या झाल्या. विज्ञानकथांना मिळणारे ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार तिला मिळाले, आणि २०१७ साली ह्यूगोमध्ये संपूर्ण मालिकेसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला गेला, तो याच मालिकेला गेला. हे सगळं मला नंतर कळलं. हातात आलं तेव्हा ते फक्त चाळीस रुपयांचं फाटकं पुस्तक होतं, आणि तसंच ते भेटलं याचा मला आनंद आहे.

अशा गोष्टींना इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. विल्सन टकर नावाच्या लेखकानं १९४१ मध्ये हा शब्द काढला, तो नाक मुरडण्यासाठी. तेव्हा रेडिओवर साबण कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रडक्या मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणत. त्याच चालीवर यानांच्या घिस्यापिट्या गोष्टींना 'स्पेस ऑपेरा'. पुढं लोकांनी तोच शब्द प्रेमानं उचलला. हे वाचलं आणि मला आमची झाडीपट्टीची नाटकं आठवली. धान चुरून झालं, दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात, ते होळीच्या सुमारापर्यंत. रात्री दहाला पडदा उघडतो आणि तांबडं फुटायच्या वेळी पडतो. त्यात बाप मुलाला ओळखत नाही, भाऊ भावावर कुऱ्हाड उगारतो, मध्येच फर्मास गाणं होतं, 'वन्समोअर' पडला की मेलेला माणूस उठून पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो. गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरलेली असते, घरोघरी पाहुणे आलेले असतात, अंगणात चुली पेटलेल्या असतात. शहरातले लोक या नाटकांना बरीच वर्षं भडक म्हणत आले. २०२३ मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे, याच नाटकांतले नट, यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी आमच्या चौकात लोकांनी एकमेकांना पेढे दिले. म्हणून बाबूनं "स्पेस ऑपेरा म्हणजे का?" असं विचारलं तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. म्हटलं, आपलं मंडईचं नाटक आहे ना, ते आभाळात. रात्रभर चालणारं. त्याला पटकन समजलं. मग त्यानं विचारलं, पडदा कोण ओढते?

वोरकोसिगन घराण्याचा ग्रह बारायार. आपल्या सूर्यमालेपासून दूर, आणि तिथं जायचं तर अवकाशातल्या एका बोगद्यासारख्या वाटेनं. माणसं तिथं वसली आणि ती वाटच मिटली. कित्येक शतकं त्या ग्रहाचा बाकीच्या जगाशी संबंध तुटला. यंत्रं गंजली, माणसं पुन्हा घोड्यावर आणि तलवारीवर आली, सरदार आणि त्यांचे इलाखे तयार झाले. शतकांनंतर नवी वाट सापडली, आणि तिच्यामागून आक्रमणही आलं. हे बाबूला समजवायला गडचिरोलीतलं भामरागड पुरलं. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडं काय होतं, ते तो दर पावसाळ्यात बातम्यांत पाहतो. पूल पाण्याखाली, गावं एकटी. "म्हंजे शंभर वर्षं पूल बुडाला," तो म्हणाला. मी म्हटलं, शंभराहून कितीतरी जास्त.

माइल्सचे वडील काउंट, म्हणजे इलाख्याचे सरदार. काउंट हा शब्द मी सांगताना टाकून दिला आणि मालगुजार, म्हणजे आमच्याकडचा जुना जमीनदार, केला. मालगुजारी १९५१ साली संपली, पण शब्द जिवंत आहे, कारण तलाव जिवंत आहेत. माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदांवरही 'मामा तलाव' म्हणतात. त्यामुळे बाबूच्या डोक्यात माइल्सचे वडील, आमचा तलाव आणि मी, असा एक गोंधळ काही दिवस चालला.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. अकादमी हुकल्यावर माइल्स आईच्या माहेरच्या ग्रहावर जातो. तिथं एक वैमानिक जुन्या मालवाहू यानात स्वतःला कोंडून बसला आहे. यान भंगारात निघालंय, आणि वैमानिकाच्या डोक्यात बसवलेली यंत्रणा फक्त त्याच जातीच्या यानाशी जुळते. यान गेलं तर त्याचं उडणं संपलं. माइल्स त्याच्याशी बोलायला आत जातो आणि बोलता बोलता ते यान स्वतःच विकत घेतो. पैसे नाहीत. मग तो स्वतःच्या नावावरची जमीन गहाण टाकतो. मोठी, सलग, कागदावर एकदम साफ. फक्त एक गोष्ट तो सांगत नाही. ती जमीन म्हणजे वोरकोसिगन वाश्नोई, त्यांच्या इलाख्याची जुनी राजधानी, जी आक्रमकांनी अणुबॉम्बनं उडवली. रात्री ती अजून उजेड टाकते. तिथं पिढ्यान्‌पिढ्या काही पेरता येणार नाही.

मी रोज सातबारा काढतो. कोणाच्या कोणत्या गटावर सोसायटीचा बोजा आहे, कोणाचं पोटखराब क्षेत्र किती, कोणाच्या 'इतर अधिकार' रकान्यात कशाची नोंद आहे, हे मला माणसांच्या चेहऱ्यांसारखं पाठ आहे. त्या रात्री मी हा भाग सांगत होतो आणि माझे वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना गोष्टीत कधी रस नव्हता. पण गहाणाचा विषय निघाला तसे ते आत आले आणि खाटेच्या कडेला बसले.

"घेनाऱ्यानं जमीन पाहिली नाई?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या ग्रहावर आहे ना बाबा."

"मंग इतर अधिकारात पाहाचं होतं."

बाबूचा प्रश्न वेगळा होता. ही फसवणूक झाली की नाही? माइल्सला ठाऊक होतं. तो खोटं बोलला नाही, पण खरंही पूर्ण बोलला नाही. वडील म्हणाले, झाली. बाबू म्हणाला, पण त्यानं पैसे फेडायचं ठरवलं होतं ना, त्यासाठीच तर त्यानं जोखमीचा माल भरला. वडील म्हणाले, फेडीन फेडीन सगळेच म्हनतात. अर्धा तास हे चाललं. बारायारवरच्या किरणोत्सारी जमिनीवरून आमच्या घरात अर्धा तास वाद झाला आणि त्या अर्ध्या तासात बाबूनं पाय दुखतात असं एकदाही म्हटलं नाही. मी घड्याळ पाहत होतो, म्हणून सांगतो.

या लेखिकेची हातोटी अशी की माइल्स एक अडचण सोडवतो आणि तीच सोडवणूक पुढची मोठी अडचण होते. पावसाळ्यात धानाच्या एका बांधीच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, फूट बुजवावी आणि तेच पाणी खालच्या बांधीचा धुरा फोडून जावं, तसं. माल पोचवायचा तर वाटेत नाकेबंदी. नाकेबंदी करणारे भाडोत्री सैनिक यानावर चढतात आणि अशी झटापट होते की त्यांचंच जहाज यांच्या हाती येतं. आता एवढ्या कैद्यांना सांगायचं काय? सतरा वर्षांचा बुटका पोरगा सांगून टाकतो की मी एका मोठ्या भाडोत्री फौजेचा माणूस आहे. फौजेचं नाव तो आपल्या इलाख्यातल्या डोंगरांवरून घेतो, डेंडारी. अशी फौज अस्तित्वातच नसते. पण माणसं विश्वास ठेवतात, कामाला लागतात, आणखी येऊन मिळतात, आणि बघता बघता ती फौज खरी होते. आणि खरी झाली की तिला जेवण लागतं, पगार लागतो, इंधन लागतं. सगळ्यांना वाटतं याच्याकडे योजना आहे. त्याच्या पोटात मात्र काळजीनं व्रण होतो, आणि ऐन वेळी त्यातून रक्त जातं.

हे माझ्या मनात रुतून बसलं. या मुलाला कोणी धट्टाकट्टा करत नाही. जादूची मुळी मिळत नाही, वरदान मिळत नाही. हाडं तशीच ठिसूळ, पोट वरून दुखतं, आणि तरी तो बोलतो, माणसं जोडतो, हिशेब करतो, थापा मारतो आणि मग त्या थापांची जबाबदारी घेतो. लहानपणी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी पारायणं करून वाचला होता. तो सायकलवरचा काटकुळा फुरसुंगीकर माझा जिवलग होता. त्याच्यानंतर पुस्तकातल्या कुठल्या पोराची मला रात्री काळजी वाटली असेल तर ती याची.

सगळंच आवडलं असं नाही. लढायांची काही पानं मी भराभर उलटली, सांगतानाही दोन वाक्यांत उरकली. सरदारकीबद्दल तर अडखळायला होतं. इलाखा बापाचा म्हणून पोराचा, हे लेखिका प्रश्न विचारत का होईना, पण मायेनं रंगवते, आणि आमच्या भागात ज्यांच्या आज्यांनी मालगुजाराच्या वाड्यावर वेठ केली त्यांना ते इतकं गोड लागणार नाही. माइल्सच्या अंगरक्षकाचा, बोथारीचा, भूतकाळ फार काळा आहे. तो मी बाबूला सांगितला नाही. मोठा झाला की तो स्वतः वाचेल आणि मला जाब विचारेल.

आणखी एक गोष्ट मी महिनाभर मागं ठेवली होती. माइल्स वीस वर्षांचा असतानाची लघुकादंबरी आहे, १९८९ ची, नावाचा अर्थ 'शोकाचे डोंगर'. यानं नाहीत, लढाई नाही. इलाख्यातल्या दूरच्या डोंगरी खेड्यातली एक तरुण बाई चालत खाली येते आणि मालगुजाराच्या दारात न्याय मागते. तिची तान्ही मुलगी मारली गेली आहे. का, तर तिचा ओठ जन्मतः फाटलेला होता. एका शस्त्रक्रियेनं शिवला गेला असता असा ओठ. पण त्या खेड्यात व्यंगाचं मूल म्हणजे घराला डाग, आणि तो डाग रातोरात पुसायची जुनी रीत. वडील चौकशीला माइल्सला पाठवतात. मुद्दाम त्यालाच. घोड्यावरून तो वाकडा पोरगा गावात शिरतो तेव्हा गाव त्याच्याकडे कसं पाहतं, ते वाचताना माझे हात गार पडले. खून करणारं माणूस घरातलंच निघतं, बाळाची आजी.

ही गोष्ट बाबूला कशी सांगू? बहिणीला तर कशी सांगू? बाबूचं दुखणं कळलं तेव्हा तिला नात्यातल्याच माणसांनी काय काय ऐकवलं होतं, ते मी पाहिलं आहे. कोणाचं पाप, कोणाच्या रक्ताचं खोट, दुसरं लेकरू कायले आनता. दोन्हीकडचं रक्त सारखंच जबाबदार आहे हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, तरी बोट तिच्याकडेच राहिलं.

शेवटी तिनंच विचारलं. निवडायला तांदूळ घेऊन बसली होती, बाबू झोपला होता. म्हणाली, "तू एक पुस्तक वाचून ठेवून देल्लास. तुझं तोंड उतरलं होतं त्या दिवशी. काय आहे त्याच्यात?" मी सांगितलं. सगळं, काही न वगळता. ती तांदूळ निवडत राहिली. मी संपवलं तरी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते बाई चालत गेली म्हनतेस?"

"हो. डोंगर उतरून. एकटी."

"बरं केलन तिनं."

सूप बाजूला ठेवलं आणि ती उठून बाबूचं पांघरूण सारखं करायला गेली. तेव्हा अंधारातून त्याचा आवाज आला. तो जागाच होता.

"मामा, त्या बाळाचा नाव काय होता?"

"राइना."

तो आणखी काही म्हणाला नाही. सकाळी पाहिलं तर त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर, जिथं तो यानांची आणि माणसांची यादी ठेवतो, तिथं माइल्सच्या खालोखाल राइनाचं नाव लिहिलं होतं. पुढच्या एका कादंबरीत माइल्स त्या खोऱ्यात परत जातो, तेव्हा तिथं त्या बाळाच्या नावाची प्राथमिक शाळा उभी असते. ते मी वाचलं त्या दिवशी सेवा केंद्र तासभर आधी बंद करून घरी आलो. बहिणीला आणि बाबूला एकत्र बसवून तेवढंच एक पान मराठीत करून वाचलं. बहीण म्हणाली, पुन्हा वाच.

बाबू आता तेरा वर्षांचा आहे. गोळ्या नियमित आहेत, दुखणी पूर्वीपेक्षा कमी येतात, पण येतात. मागच्या हिवाळ्यात दोनदा भरती करावं लागलं. शाळेत इंग्रजीच्या बाईंना त्यानं 'वर्महोल' शब्दाचं स्पेलिंग विचारलं आणि मग सगळ्या वर्गाला पर्लकोटेच्या पुलाचं उदाहरण देऊन ते समजावलं, असं त्याच्या मित्रानं मला सांगितलं.

गेल्या महिन्यात मालिकेतलं पुढचं पुस्तक पोस्टानं आलं. या वेळी नवं कोरं, मी पैसे साठवून मागवलेलं. केंद्रात गर्दी होती, म्हणून पाकीट टेबलावर ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर पाकीट रिकामं. घरी आलो. बाबू पडवीत, धानाच्या पुंजण्यांवरून येणारा वारा लागू नये म्हणून कान बांधून, शब्दकोश मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं बोट ओळीखाली हळूहळू सरकत होतं. रोज एक पान, कधी अर्धं. आठ दिवस मी काही विचारलं नाही. नवव्या रात्री राहवलं नाही.

"कुठवर आलं रे?"

"आलो बरंच."

"मग सांग की."

त्यानं पुस्तक मिटलं, बोट मात्र पानात तसंच ठेवलं. खाटेखालचा तांब्या ओढला, गिलास भरला आणि माझ्यापुढं केला.

"आधी पानी प्या."

मी पूर्ण गिलास संपवला.